आप्पांचं माप

दुपारचे तीन. सात महिन्यांची रेवा दूध पिऊन माझ्या कुशीत झोपलीय, मूठ माझ्या गाऊनवर. माझ्याही डोळ्यांवर झापड येतेय. उद्या माझ्या उजव्या फुप्फुसावरचे हवेचे फुगे काढणार आहेत, लहान छिद्रांतून, कॅमेऱ्यानं. उशाशी भुलीचा फॉर्म. सही राहिलीय.

भूलतज्ज्ञ मॅडमनी सकाळी समजावलं. मॉर्फिनसारखी अफूच्या जातीची औषधं न वापरताही भूल देता येते. बरगड्यांपाशी नसा बधिर करतात. "पण नंतर सोसवेना झालं, तर थोडं मॉर्फिन देऊ. चालेल ना?"

"नाही. कितीही दुखलं तरी नाही," मी म्हटलं.

पंखा फिरतोय. त्याची घरघर आता शिलाई मशीनची आहे. खाटेवर कापड पसरलंय आणि कराडच्या शिंप्याच्या दुकानातल्यासारखे माझे वडील, आप्पा, उभे आहेत, गळ्यात टेप. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

"हात वर कर, सुवर्णे."

टेप बरगड्यांभोवती येतो. मी श्वास ओढून धरते.

"झालं सुरू! श्वास चोरून माप दिलेली सगळी गिऱ्हाइकं परत येतात. काचतंय म्हणून."

"आप्पा, शेवटच्या आजारात मॉर्फिनवर तुम्ही मला ओळखलं नाहीत. आत्याच्या नावानं हाक मारलीत. उद्या मी रेवाला ओळखलं नाही तर?"

आप्पा कानामागचा निळा खडू चाचपतायत. मशीनशेजारी सलाइन लटकतंय.

"अगं, माझा आजारच डोक्यात पोचलेला. पण ते औषध सुरू झालं त्या दुपारी उठून बसलो, तुझ्या ब्लाउजला हुक लावले. ते विसरलीस होय?"

विसरलेच होते.

"मग काय सांगू मॅडमना?"

"त्याच्याशिवाय जमतंय का बघा, म्हणावं. पण मी कधी कापड काठोकाठ कापलंय? इंचभर आत सोडायचं, लागलं तर उसवायला. दुखणं दाबून पडलीस तर खोकून छाती मोकळी करणार कशी? घे श्वास. पुरा."

मी घेते. बरगडीवरून खडू फिरतो.

रेवा रडते. वॉर्ड, पंखा, दारात सिस्टर.

"झाली का सही?"

"करते. मॅडमना सांगा, मॉर्फिनशिवायच भूल द्या. पण नंतर नाही सोसवलं तर मी सांगेन. तेव्हा द्या."

सही झाल्यावर सिस्टर फॉर्म घेतात, थबकतात. "गाऊनला हे काय लागलं?"

उजव्या बरगडीवर वीतभर निळी रेघ, सरळ. रेवाची मूठ उघडते. तिच्या तळहातावरही निळी पूड आहे.