एचानचा कोट मी घातला

ओव्रोसी आमच्या शेजारची. सामूहिक शेताच्या गोठ्यात दूध काढायची. बोलणं कमी, हात मात्र भरभर चालणारे. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी इलेत नदीवरचा बर्फ फुटला, आणि दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा एचान होडी घेऊन गेला तो परत आला नाही. होडी खालच्या वळणावर पालथी सापडली. एचान सापडला नाही.

आठवडाभर गाव हळहळलं. मग कुजबुज सुरू झाली, कारण ओव्रोसी रडत नव्हती. रोज सकाळी गोठ्यातून आली की ती धुतलेला पांढरा झगा घालायची, रुमालात काहीतरी बांधून घ्यायची आणि देवराईत जायची. आम्हा मारी लोकांत देवराईत उगाच कोणी जात नाही. त्यात तो काळ असा, की जिल्ह्याच्या साहेबांना आमची पूजा मुळीच खपत नसे. दोन-चार जणांनी तर छातीठोकपणे सांगितलं, एचान जिवंत आहे, झाडीत लपलाय, आणि ही त्याला जेवण पोचवते.

एका सकाळी मी तिच्या मागे गेलो. एचान वगैरे तिथे कोणी नव्हतं. एका जुन्या बर्चच्या झाडापुढे तिने रुमाल सोडला, ओटच्या पिठाचं धिरडं मुळाशी ठेवलं आणि हलक्या आवाजात बोलू लागली. "पांढऱ्या थोर देवा, काल तांबडी गाय सुखरूप व्याली, तुझे उपकार. पाण्याच्या आई, अकरा वर्षं आम्हाला मासे दिलेस, तुझे उपकार. एचानला अकरा वर्षं माझ्याकडे ठेवलंस, तुझे उपकार." बराच वेळ हेच. मागितलं काहीच नाही.

घरी येऊन मी हे तायराला, माझ्या बायकोला सांगितलं. ती बटाटे सोलत होती, ती थांबली.

"नवरा बुडालाय आणि ही उपकार मानतेय? मी मेले आणि तू असा उपकार मानत फिरलास ना मेत्री, तर वरून दगड मारीन."

"तेच म्हणतोय मी."

"मग बघ जरा, तिला नक्की काय मिळालंय ते."

ते बघायचा योग लगेच आला. मी सुतार. ओव्रोसीच्या गंजीघराचं दार निखळलं होतं, ते बसवायला गेलो. गवत थोडं बाजूला सारलं तर आत एचानची वल्ही. मीच करून दिलेली होती, ओळखायला वेळ लागला नाही. फुटलेल्या बर्फाच्या नदीत माणूस वल्ह्यांशिवाय गेला, आणि वल्ही हिच्या गवतात. मी गवत पुन्हा होतं तसं केलं.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याचा पोलीस विचारपूस करत आला. "मला काही ठाऊक नाही," मी म्हणालो. तिची दया आली म्हणून नव्हे. हा माणूस तिच्या वाटेने जात जात आमच्या देवराईत शिरेल, याची मला भीती होती.

चाळिसावा दिवस आला. आमच्यात त्या दिवशी मेलेल्याच्या अंगकाठीचा कोणीतरी त्याचे कपडे घालतो. सकाळपर्यंत तोच तो मेलेला माणूस. एचानचे कपडे घालायला कोणी तयार होईना. शेवटी पुजारी पायराम आजोबा माझ्या अंगणात आले.

"अंगाने तूच जुळतोस."

"आजोबा, तो जिवंत असला तर?"

"तर त्याला उचकी लागेल. घाल कोट."

मी घातला. ओव्रोसी एचानशी काय बोलते ते मला ऐकायचं होतं.

मला मुख्य जागी बसवलं, पुढे बिअर ठेवली. "एचान, तिकडे कसं आहे?" लोक विचारत होते. "थंडी आहे," मी म्हणालो, आणि काही जण हसले, काहींनी डोळे पुसले. ओव्रोसी नुसती वाढत राहिली. उजाडताना मेलेल्याला थडग्यापर्यंत पोचवायचं असतं. एचानला थडगंच नव्हतं, म्हणून ओव्रोसीने मला नदीवर नेलं. सोबत निघालेल्या दोन म्हाताऱ्या बऱ्याच मागे होत्या. काठ चिखलाने निसरडा. ओव्रोसीने माझी बाही घट्ट धरली, आणि माझ्या मनात आलं, आता ही ढकलणार. मी टाचा चिखलात रोवल्या.

"एचान," ती म्हणाली, "वल्ही मी लपवली होती. पलीकडे जाऊन पिऊन येशील म्हणून. वाटलं, वल्ही नसली की घरी बसशील. तू वल्ह्याऐवजी फळी घेऊन गेलास. हे मी कोणालाच सांगितलं नाही."

कपडे घालणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. वल्ह्यांना माझा हात लागलेला तिने ओळखला असेल, म्हणून तर हे सांगत नसेल? तोंड उघडतानाही हाच विचार मनात होता.

"ठाऊक होतं मला," मी म्हणालो. "गवतात बघायला हवं होतं. रागाच्या भरात गेलो. तुझ्यावर राग नाही."

तिने धिरड्याचा तुकडा पाण्यात सोडला, पाण्याच्या आईचे उपकार मानले, आणि मग एचानच्या कोटात तोंड खुपसून रडली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

ऑगस्टमध्ये, नदीतून वाहत सोडलेले ओंडके अडवतात त्या ठिकाणी एचान सापडला. त्याला रीतसर पुरलं. गावाची तोंडं बंद झाली. माझी शंका मात्र एकदम गेली असं नाही. ती गोठ्याकडून येताना दिसली की मी पुष्कळ वर्षं तिच्या हातांकडेच बघायचो.

एकोणीस वर्षांनी तायरा गेली. मी दार लावून बसलो. देवाकडे एकच मागणं चालू होतं, तिला परत दे. पंधराव्या दिवशी ओव्रोसीने दार ठोठावलं. "अंघोळ कर आणि चल," म्हणाली.

देवराईत पोचल्यावर मी विचारलं, "काय म्हणू?"

"सकाळी काय खाल्लंस?"

"उकडलेला बटाटा."

"मग तिथून सुरू कर."

ती लांब जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी बटाट्याचे उपकार मानून सुरुवात केली. मग तो लावला ती माती, मग छप्पर, मग माझे अजून चालणारे हात. तायराच्या नावापर्यंत येईतो ऊन डोक्यावर आलं होतं.