नंतरचा फोटो

कर्वे रस्त्यावरच्या त्या स्लिमिंग सेंटरमध्ये शिरलं की समोरच्या भिंतीवर दीपालीचे दोन फोटो दिसायचे. एकाखाली लिहिलेलं 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. फोटोंच्या खाली, टेबलामागे, स्वतः दीपाली बसलेली असायची. येणारी बाई भिंतीकडे बघायची, मग दीपालीकडे, मग पुन्हा भिंतीकडे. सुरुवातीच्या वर्षांत त्या नजरेत कौतुक असायचं. पुढं पुढं नुसता शोध उरला.

फोटो दोन हजार सालचे. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. वडील खडकीच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. दोन स्थळं येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा निरोप सारखाच आला: मुलगी शिकलेली आहे, घर चांगलं आहे, पण अंगानं जरा... पुढचं वाक्य कुणी पुरं करत नसे. त्याच सुमाराला जगभरातल्या सौंदर्यस्पर्धांत आपल्या मुली जिंकत होत्या. शाम्पूच्या पुडीवर, वहीच्या मुखपृष्ठावर, टीव्हीच्या प्रत्येक वाहिनीवर तीच कंबर दिसत होती. सेंटरच्या मालकीणबाई, सुनीती मॅडम, म्हणाल्या, "तुझे फोटो छापू दे, कोर्स फुकट."

मग सहा महिने दुधीचं सूप, ताक आणि काकडी. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. पाळी चुकली, ती चुकतच राहिली. वजन सर्वात खाली गेलं त्या दिवशी फोटो काढला, आणि फोटो झाल्यावर दीपाली जिन्यात चक्कर येऊन बसली. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान जाहिरात आली. लग्न जमलं. सेंटरमध्ये नोकरीही लागली, कारण मॅडमच्या मते बायकांना पुरावा डोळ्यांसमोर बसलेला लागतो.

त्या फोटोतली दीपाली फार दिवस टिकली नाही. नवरा संजय, मग मुलगी, मग थायरॉइड. गेलेलं शरीर परत आलं. रागावून निघून गेलेलं माणूस यावं तसं, काही न बोलता, आपल्या जागी येऊन बसलं. संजय त्यावर कधी काही बोलला नाही. ती मात्र टेबलामागे पोट आत ओढून बसू लागली. श्वास वरच्या वर घ्यायचा, खुर्चीला टेकायचं नाही. रोज, सेंटर उघडल्यापासून बंद होईपर्यंत.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात हिंजवडीतली एक मुलगी आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच.

"मॅम, ह्या फोटोत तुम्ही आहात? सीरियसली?"

"हो."

"मग परत कसं काय झालं?"

"मेंटेनन्स सोडला," दीपाली म्हणाली. वजन परत आलं म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला ती हेच सांगायची. मेंटेनन्स म्हणजे कोर्स संपल्यावरचं पथ्य; वाक्य मॅडमनी शिकवलेलं. त्यात सेंटरचा दोष नसायचा.

मॅडमनी हे आतून ऐकलं असावं. संध्याकाळी त्यांनी तिला बोलावलं.

"बस. तुझे फोटो फार जुने झालेत गं. त्या सलवार-कमीजवरूनच साल कळतं."

"नवीन काढायचे?"

"एकच. आजचा. 'आधी' म्हणून छापू. 'नंतर'ला तो जुनाच चालेल. आपला फोटोवाला सलिल कपडे बदलून देईल कॉम्प्युटरवर."

दीपालीला समजायला वेळ लागला. "पण मॅडम, तो तर आधीचा आहे."

"दोन्ही तूच आहेस ना? मग खोटं काय त्यात?" मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. "आणि जाहिरात आली की तुला समोर बसवता येणार नाही. आत फोन घे. आवाज चांगला आहे तुझा. नको असेल तर सांग. मग मला दुसरी कुणीतरी बघावी लागेल."

संजयच्या नोकरीचं त्या वर्षी काही खरं नव्हतं. वारज्याचं घर दीपालीच्या पगारावर चाललं होतं. घरी कणीक मळताना तिनं आईला सांगितलं. हिराबाई, तिची आई, नवरा गेल्यापासून तिच्याकडेच राहत होती.

"काढू दे की," हिराबाई म्हणाली. "पहिला काढलास तेव्हा कुणाला विचारलं होतंस?"

"आई, ते मला आधीची म्हणणारेत. म्हणजे आत्ताची ही जी मी आहे ना, ही जायला पाहिजे."

हिराबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जायला पाहिजे? बरं. मग ह्या पोळ्या कोण लाटणार?"

फोटो सेंटरच्याच मागच्या खोलीत, पांढरा पडदा लावून काढायचा होता. पहिले फोटोही सलिलनंच काढले होते. आता त्याचंही पोट सुटलं होतं. ते कुणी छापणार नव्हतं.

"ताई, खांदे पाडा. हसायचं नाही. केस थोडे विस्कटा. हां. आता पोट सोडा."

दीपालीनं पोट सोडलं. श्वास खाली, अगदी खालपर्यंत गेला. वाईट काहीच झालं नाही. पंखा चालू होता, बाहेर रिक्षावाला कुणावर तरी ओरडत होता.

"वा! एकदम दमलेल्या दिसताय."

"दमलेच आहे."

त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. पस्तिशीतली एक बाई. एक मूल वाढवलेलं पोट, जाड दंड, डोळ्यांखाली काळं. दीपाली त्या फोटोत लाज शोधत राहिली. थकवा तेवढा सापडला.

"हा पुसून टाक, सलिल."

"अहो, चांगला आलाय."

"आलाय ना. पण हा नंतरचा आहे. 'नंतर' म्हणून छापत असतील तर ठेव."

"माझी नोकरी घालवताय काय?"

"तुझी नाही."

आवाज ऐकून मॅडम दारात आल्या. "दीपाली, हे काय नाटक?"

"नाटक नाही, मॅडम. इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, मेंटेनन्स सोडला. मी नव्हता सोडला. मी काहीच सोडलं नव्हतं. तरी अशी झाले."

मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," दीपाली म्हणाली. सलिलनं फोटो पुसला हे तिनं उभं राहून पाहिलं आणि मग पर्स उचलली.

वारज्याच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. जिंकल्यासारखं तिला मुळीच वाटत नव्हतं. संजयला कसं सांगायचं तेही सुचत नव्हतं. पुढच्या स्टॉपला पिशव्या घेतलेली एक बाई चढली.

"सरका जरा."

ती सरकली.

"अजून सरका की. दोघींची सीट आहे."

"अजून नाही होत," दीपाली म्हणाली.

बाई पुटपुटत काठावर बसली. दीपालीनं पाठ टेकली. गाडी सिग्नलला थांबली, पुन्हा निघाली. घरी पोचेपर्यंत ती तशीच, टेकून बसली होती.