परवानाबाई आणि हरवलेली टाकी

पालिकेच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळं गाव परवानाबाई म्हणायचं. गावात भुयारी गटार नव्हतं. घरागणिक सेप्टिक टाकी आणि टाकीगणिक परवाना. बावीस वर्षं त्या नकाशे तपासून शिक्के मारत होत्या, पण जमिनीतली एकही टाकी त्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती. जागेवर जायचं ते तपासनीसानं. नवरा चिडवायचा, "तू म्हणजे काठावर बसून पोहायला शिकवणारी!"

एका सकाळी एक निवृत्त ट्रकचालक तिसऱ्यांदा खिडकीशी आले. त्यांची मुलगी लेकरांसह कायमची राहायला येणार होती, म्हणून आणखी एक संडास बांधायचा होता. अर्जातला एक रकाना याही वेळी कोराच होता: जुनी टाकी विहिरीपासून किती लांब?

"काका, एवढं भरा की. टेप लावायची, मोजायचं, झालं."

"टेप आहे हो बाई. टाकी कुठाय तेच ठाऊक नाही."

"घर तुमचंच ना?" बाईंना हसू आलं.

"कागदावर माझं. मी महिन्यातले पंचवीस दिवस रस्त्यावर. टाकी हिनं बांधून घेतली, गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून. आता हीही नाही आणि तो गवंडीही नाही." काकांनी खिडकीच्या कठड्यावर हात टेकला. "मी कधी विचारलंच नाही. घर आपोआप चालतं असंच वाटायचं मला."

बाईंचं हसू मावळलं. तपासनीस महिनाभर रजेवर होता. अर्ज परत करणं सोपं होतं. त्याऐवजी त्यांनी साहेबांची परवानगी काढली, छत्री घेतली आणि काकांबरोबर निघाल्या.

काकांनी आल्या आल्या विहिरीचं गार पाणी दिलं. पेला रिकामा करून बाई परसात गेल्या आणि तिथं मात्र गांगरल्या. कागदावर टाकी म्हणजे सरळ चौकोन. इथं नुसतं गवत, धुण्याचा दगड आणि वाळत घातलेले दोन सदरे. काका पहार घेऊन जिथं तिथं ठोकू लागले.

"थांबा," बाई म्हणाल्या. हजारो नकाशे नजरेखालून गेले होते ते काही फुकट नव्हतं. "संडासाची भिंत कुठली? आणि उतार कुठं आहे? मैला काही चढ चढत नाही."

उताराच्या दिशेनं त्या दहा पावलं मोजत गेल्या. धुण्याच्या दगडापाशी गवत जास्तच हिरवंगार होतं. "इथं मारा."

दोनदा पहार मऊ मातीत रुतली. तिसऱ्यांदा ठण्ण वाजली. दोघांनी दगड सरकवला, माती उकरली. खाली फरशी लागली. सिमेंट ओलं असतानाच त्यावर कुणीतरी बोटानं तारीख लिहिलेली होती.

"हिचं अक्षर," काका म्हणाले आणि तिथंच उकिडवे बसले. टेपचं एक टोक धरून बाई विहिरीकडे गेल्या.

साडेनऊ मीटर. नियम पंधराचा. मघाशी प्यायलेलं पेलाभर पाणी याच विहिरीचं होतं.

"काका, आकडा वाईट आहे. या टाकीवर मला परवाना देता येणार नाही."

त्या वादाच्या तयारीत होत्या. काकांनी विहिरीकडे पाहिलं. "नातवंडं हेच पाणी पिणार. नवी कुठं बांधू तेवढं सांगा."

पाण्याची तपासणी झाली. उकळून प्या, असा निकाल आला. घराच्या पुढच्या बाजूला, विहिरीपासून एकवीस मीटरवर नवी टाकी झाली, जुनी उपसून वाळूनं भरली. ती फरशी मात्र काकांनी फोडू दिली नाही; घासूनपुसून मागच्या दाराशी पायरी म्हणून बसवली. मुलगी आली तेव्हा नव्या संडासाचा रंगही वाळला होता.

परवानाबाई आता दर गुरुवारी तपासनीसाबरोबर जागेवर जातात. त्याला ते फारसं आवडत नाही, कारण कुणी पाणी पुढं केलं तरी बाई त्याला पिऊ देत नाहीत, आधी विहीर कुठंय ते विचारतात.