आलं का?

शेजारच्या मुक्ताला परदेशातल्या दोन विद्यापीठांत प्रवेश मिळालाय. एक पूर्ण खर्च उचलतंय. दुसरं तिच्या मनातलं, पण ते शिष्यवृत्तीचं काही कळवत नाही, आणि पहिल्याला तर शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. त्यामुळे हल्ली त्या घरात जो तो एवढंच विचारतो, "आलं का?" काय, ते सांगावं लागत नाही.

काल संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. मुक्ताचे बाबा भाजी घेऊन आले, तशी तिच्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "आलं का?"

मोबाइलवरची नजर न काढता मुक्ता म्हणाली, "नाही गं, अजून नाही."

बाबांनी पिशवीतून आल्याचा तुकडा काढून गुपचूप ओट्यावर ठेवला. आम्ही सगळे हसलो. मुक्ताही हसली, पण डोळे पुसत.

आपण मायेनेच विचारतो, पण दर वेळी त्या पोरीला 'नाही' म्हणावं लागतं, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

आज सकाळी जिन्यात तिच्या आईचा आवाज कानावर पडला. जन्मात कधी न वापरलेला शब्द चाचपडत उच्चारत त्या नवऱ्याला सांगत होत्या, "अहो, येताना जरा अद्रक आणा."