नरीअण्णाचं उद्यापन

आमच्या येलहंक्यातल्या घरी खालच्या मजल्यावर रघुनंदन आणि अहल्या राहतात. रघुनंदन यशवंतपुरातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. सकाळच्या गाडीने जातात, दिवेलागणीला परततात. वयाने माझ्याहून लहान, तरी आम्हा जुन्या बंगळुरी मराठी घरांच्या रीतीने मी त्यांना अण्णा म्हणते आणि ते मला अक्का. गर्दीत दिसले तर लक्षातही राहणार नाहीत असा साधा माणूस. पण आवाज! म्हातारी, पोर, पोलीस, बोकड, सगळे त्या एका घशात राहायला आहेत.

लॉकडाऊनमध्ये अहल्याच्या बहिणीची मुलगी निधी त्यांच्याकडे अडकली. पोर सारखी आईच्या आठवणीने रडवेली व्हायची. तिची समजूत काढायला अण्णांनी कुठलंसं जुनं जपानी कार्टून शोधलं. बेटावर घरोघर टपाल वाटणारा एक कोल्हा, त्याची गोष्ट. खाली इंग्रजी ओळी यायच्या, त्या निधीला वाचता येत नव्हत्या. म्हणून अण्णा शेजारी बसून सगळ्यांचं बोलणं स्वतःच बोलू लागले. पुढे ते फोनवर रेकॉर्ड करून चित्रावर चढवायला शिकले. त्यासाठी कपाटात, अहल्याच्या रेशमी साड्यांमध्ये डोकं खुपसून बसायचे. रस्त्यावरचे हॉर्न तिथे पोचत नाहीत म्हणे.

कन्नडात कोल्ह्याला नरी म्हणतात आणि आमच्या घरांतही तोच शब्द चालतो. म्हणून कोल्ह्याचं नाव पडलं नरीअण्णा. तो बोलायचाही आमच्यासारखाच. “स्वल्प थांबा हो अज्जी, टपाल आणलोय!” एकदा नरीअण्णा चोरांपासून लपून बसलेला असताना साड्यांतल्या डांबराच्या गोळ्यांनी अण्णांना जोरात शिंक आली. त्यांनी ती तशीच ठेवली. त्या शिंकेवर पोरं इतकी खूश झाली की आमच्या रविवारच्या भजनात आरतीच्या मध्येच कुणीतरी तशी शिंकायचं आणि सगळे फिदीफिदी हसायचे.

अण्णांनी ते इंटरनेटवर ठेवलं, फुकट. बघताबघता शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या सर्जापूर रोडवरून, पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी नव्याने आलेली मंडळीही आमच्या दत्तमंदिरातल्या भजनाला येऊ लागली. “नरीअण्णा कोण ते बघायचं होतं,” म्हणायची. आमची जुनी घरं आणि ही नवी माणसं एरवी एकमेकांना दुरूनच नमस्कार करत. त्या कोल्ह्याने त्यांना एका सतरंजीवर बसवलं.

गेल्या दिवाळीनंतर एपिसोड यायचे थांबले. शेवटचे चार राहिले होते. नरीअण्णा दीपगृहातल्या म्हातारीचं पार्सल घेऊन होडीत बसला होता, तो तिथेच राहिला.

आधी लोक गमतीने विचारत. मग जरा टोचून. “काय अण्णा, होडीला भोक पडलं की काय?” मग एका रविवारी अण्णा भजनाला आले नाहीत. पुढच्याही नाही. त्यांच्याशिवाय आरती वर चढेना, आम्ही सगळे खालच्या पट्टीतच घुटमळत राहायचो. अहल्या एकटी यायची आणि प्रसाद बांधून न्यायची. एकदा पायऱ्यांवर मला म्हणाली, “अक्का, हे फोनसुद्धा उचलत नाहीत. कारखान्यातून येतात आणि बसतात. आता घरातही कुणाची नक्कल करत नाहीत. मला तर घर ओळखू येईना.”

तेव्हा मी ठरवलं, अण्णांशी बोलायचंच. माझा विचार पक्का होता. हाती घेतलेलं व्रत अर्धवट टाकू नये. चारच तर राहिलेत, उरकून टाकावेत.

गुरुवारी दत्ताचा शिरा घेऊन खाली गेले तर तिथे राजस आधीच बसलेला. हा मूळचा पुण्याचा मुलगा, सर्जापूर रोडला कुठल्याशा कंपनीत आहे. एवढं ट्रॅफिक तुडवत बाकरवडीचा पुडा घेऊन आला होता.

“काका, फक्त चार,” तो म्हणत होता. “आम्ही सगळे इमोशनली अडकलोय त्या होडीत.”

“मूळ कार्टून आहे की. तुला इंग्रजी येतं, वाच आणि बघ.”

“त्यात शिंक नाहीये ना काका!”

अहल्या फिसकन हसली. अण्णा हसले नाहीत.

राजस म्हणाला, “फुकट दिलंत हे मान्य. पण तुम्ही सुरू केलंत म्हणून आम्ही बघायला लागलो. मग एक जबाबदारी येते की नाही?”

अण्णा माझ्या हातातल्या वाटीकडे बघत म्हणाले, “दर गुरुवारी या अक्का शिरा आणतात. एखाद्या गुरुवारी नाही आणला, तर मी वर जाऊन जाब विचारू?”

“विचारावाच,” मी म्हणाले. “त्या दिवशी मी तापाने पडले असेन. न सांगता बंद झालं तर खालच्यांनी वर येऊन बघायला नको?”

अण्णांनी वाटी माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली. मला वाटलं, लागलं हे माझं बोलणं. म्हणून मी पुढे रेटलं. “अण्णा, संकल्प केला की पुरा करावा.”

“कुठला संकल्प, अक्का?” ते एकदम म्हणाले. “कधी हातावर पाणी घेतलं मी? एक पोर रडत होती, तिला हसवलं. ती पोर आता मोठी झाली. दिवाळीत आली होती, तिला म्हटलं, नवा भाग लावू का? म्हणाली, काका, नंतर. आणि कानात ते हे घालून बसली. तिचं काही चुकलं नाही. पण त्यानंतर कपाटात डोकं घातलं की नरीअण्णा येईचना. नुसत्या साड्या दिसायच्या.” मग अगदी हळू म्हणाले, “कंटाळा आला, अक्का. आजारी नाही, काम वाढलं नाही, काही नाही. कंटाळा आला एवढंच. पण हे त्या सगळ्या लोकांसमोर कुठल्या तोंडाने सांगायचं? तुम्हाला येतो का कधी व्रताचा कंटाळा?”

“येतो की,” मी म्हणाले. “मी माणूसच आहे.”

आणि हे बोलता बोलता मला आमच्या सासूबाई आठवल्या. त्यांचं शुक्रवारचं व्रत जन्मभराचं. गुडघे गेले, तेव्हा त्यांनी ते कुढत ओढलं नाही की गुपचूप सोडलंही नाही. उद्यापन केलं. सवाष्णींना जेवू घातलं, वाण दिलं, देवासमोर सांगितलं, माझ्याकडून एवढंच. ज्यांना ते पुढे चालवायचं होतं त्यांनी चालवलं. मी व्रत पुरं करा म्हणून सांगायला आले होते. पण व्रत थांबवायचीही रीत आपल्यात आहे, हे मीच विसरले होते.

“मग उद्यापन करा,” मी म्हणाले.

राजस गोंधळला. “म्हणजे चार एपिसोड?”

“म्हणजे चार एपिसोड नाहीत,” मी म्हणाले. “म्हणजे तोंडाने सांगणं.”

पुढच्या रविवारी अण्णा भजनाला आले. आरती झाल्यावर उभे राहिले. कोल्ह्याच्या आवाजात बोलतील असं पोरांना वाटलं होतं, पण ते स्वतःच्याच आवाजात बोलले. “मला कंटाळा आला. यापुढे माझ्याकडून होणार नाही. आधीच सांगायला हवं होतं, तेवढं चुकलं.” पोरांची तोंडं उतरली. मागून कुणीतरी म्हणालं, “सरी अण्णा, ठीक आहे, बसा आता, शिरा गार होतोय.” झालं, एवढंच. आकाश कोसळलं नाही.

अहल्याने ताटात नारळ, विड्याची पानं आणि त्यावर एक पेन ड्राइव्ह ठेवला होता. होडीची करकर, वारा, टपालाची घंटा, सगळे आवाज त्यात होते. ते वाण राजसला दिलं.

“काका, पाया पडू का?”

“पड. वाकताना पेन ड्राइव्ह पाडू नको.”

राजसने खरंच एक एपिसोड केला. त्याचा नरीअण्णा ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतोय असा वाटतो. अण्णांनी तो मंदिरात सगळ्यांबरोबर बसून ऐकला, पोट धरधरून हसले आणि घरी येताना पायऱ्यांवर त्याची नक्कल केली. अहल्याने पदर तोंडाला लावला. मी वरून ऐकत होते. पुढे राजसच्या कंपनीत काहीतरी कामं निघाली आणि होडी पुन्हा थांबली. परवा भजनात एका पोराने त्याला विचारलं, “पुढचा कधी?” राजसने चोरट्या नजरेने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी त्याच्या हातात झांजा दिल्या आणि वरच्या पट्टीत आरती धरली.

दीपगृहातल्या म्हातारीच्या त्या पार्सलात काय होतं, ते मला अजून माहीत नाही. अण्णांना माहीत आहे. गुरुवारी वाटी घेऊन खाली जाते, प्रश्न ओठांवर येतो, आणि “साखर जास्त नाही ना झाली?” एवढंच विचारून वर येते.