परवानगीकाका

परवानगीकाका आमच्या घरी आले की दार उघडल्यावर, "या ना काका" म्हटल्यावरही पायपुसण्यावर उभे राहून पुन्हा विचारायचे, "येऊ का?" आत आले की "बसू का?" आणि चहा समोर ठेवला की "घेऊ का?" लेस्टरमधल्या आम्हा मराठी मंडळींत निम्म्या लोकांना त्यांचं खरं नाव ठाऊक नव्हतं. गणपतीत प्रसादाचा मोदक उचलतानासुद्धा ते इकडेतिकडे बघून कुणाचा तरी होकार घ्यायचे. मी एकदा तोंडावरच म्हटलं, "काका, श्वास घेताना कुणाला विचारता?" ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "माझा नाही, पण दुसऱ्याचा हातात घेताना विचारायचो."

ते भूलतज्ज्ञ होते. सगळं आयुष्य इथल्याच हॉस्पिटलात लोकांना झोपवण्यात आणि सुखरूप जागं करण्यात गेलं. माणसाला दुखू द्यायचं नाही, एवढा एकच धर्म ते पाळत. देवळात फारसे जात नसत, उपासही करत नसत. म्हणून हा माणूस रविवारी हिरवं जाकीट चढवून शिकारीला जातो हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरं वाटेना. मी नागपूरची, घरात अंडंसुद्धा न शिजणाऱ्या कुटुंबातली, पेशाने फार्मासिस्ट. शिकार म्हणजे राजेरजवाड्यांचं काम अशी माझी समजूत. काकू हसून म्हणाली, "अगं, कोकणातले आहेत ते. आजोबांच्या पारधीत वाढलेत. डॉक्टर नंतर झाले."

शहराबाहेर अर्ध्या तासावर टेड नावाच्या एका शेतकऱ्याची जमीन होती. कबुतरं आणि ससे त्याचं पीक खायचे, आणि भेकरं नव्या रोपांची साल सोलून काढायची. हो, भेकरंच. कोकणात असतं त्याच्याच जातीचं, कुत्र्यासारखं भुंकणारं बुटकं हरीण. कुणीतरी कधीकाळी हौसेने इंग्लंडात आणलं आणि ते इथलंच होऊन गेलं. काकांना त्याचं फार कौतुक. "आमच्यासारखंच," म्हणायचे. "आलं पाहुणं म्हणून आणि राहिलं." टेडने त्यांना शिकारीची कायमची परवानगी लिहून दिली होती. तरी काका दर खेपेला आधी त्याच्या दारावर टकटक करायचे. टेड वैतागायचा, "डॉक, प्रत्येक वेळी विचारायची गरज नाही." घरी येऊन काका आम्हाला सांगायचे, "मागच्या रविवारचा होकार मागच्या रविवारचा. होकार शिळा होतो."

टेडचा होकार घेतला तरी त्यांचं भागत नसे. शेताच्या फाटकापाशी ते टोपी काढून उभे राहायचे आणि ओठांतल्या ओठांत मालवणीत पुटपुटायचे, "बा राखणदारा, तुझ्या रानात पाय ठेवतंय. चुकला माकला तर सांभाळून घे रे म्हाराजा." त्यांच्या गावी प्रत्येक रानाला एक राखणदार असतो. तो दिसत नाही, पण जमीन खरी त्याची. त्याला न विचारता आत गेलेला माणूस रात्रभर त्याच जागी गोल गोल फिरत राहतो, असं त्यांचे आजोबा सांगायचे. मी विचारलं, "काका, इथल्या राखणदाराला मालवणी समजते का?" ते म्हणाले, "टेडला तरी माझं इंग्रजी कुठे समजतं?"

शिकार मिळाली की पहिला वाटा जमिनीच्या मालकाचा, हाही आजोबांचाच नियम. टेडच्या ओट्यावर साफ केलेली कबुतरं ठेवल्याशिवाय ते घरी परतत नसत. उरलेल्यांचा काकू मालवणी मसाल्यात रस्सा करायची. त्या वासाने मी पहिल्यांदा कासावीस झाले होते, आणि दुसऱ्यांदा वाटी पुढे केली होती हे नागपूरला कुणाला सांगू नका.

काकांच्या हृदयात स्टेंट बसवल्यावर काकूने त्यांचं एकट्याने जाणं बंद केलं. मुलगा दूर, तिला गाडी चालवता येत नाही; मग त्यांना नेण्याआणण्याचं काम माझ्याकडे आलं. ते मचाणावर बसायचे. म्हणजे झाडाला टेकवलेली लाकडी शिडी आणि वर फळी, पण त्यांनी तिला कधी दुसरं नाव दिलं नाही. मी फाटकाशी गाडीत शब्दकोडं सोडवत बसायची. थर्मासमधला चहा, काचेवर धुकं आणि मध्येच कधीतरी एक दणका. मला त्या शांततेची सवय झाली होती.

टेडच्या शेताला लागून झुडपांचं कुंपण आणि पलीकडे झाडांची दाट राई. ती आर्थर नावाच्या शेजाऱ्याची. बंदूक घेऊन दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवणं हा इथे गुन्हा आहे. जखमी जनावर कुंपण ओलांडून गेलं तर त्याच्यामागे जाऊन त्याला वेदनेतून सोडवायला परवानगी लागते, म्हणून काकांनी फार पूर्वी आर्थरकडून ती घेऊन ठेवली होती. नाताळात त्याच्याकडेही कबुतरं पोचायची. पुढे आर्थर वारला. काका-काकू अंत्यविधीला जाऊन आले आणि तेव्हापासून काका त्या घराकडे फिरकले नाहीत. टेड म्हणाला, मार्गारेटला, म्हणजे आर्थरच्या बायकोला, एकदा विचारून ये, ती काही नाही म्हणायची नाही. काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "घरात सुतक आणि आपण दारात जाऊन विचारायचं, तुमच्या रानात जीव मारू का? शोभतं का? वर्ष होऊ दे. वर्षश्राद्ध झालं की जाईन." इथे कोण वर्षश्राद्ध करतं, असं माझ्या मनात आलं होतं.

ती शरदातली दुपार होती. ऊन असूनही गार. बार वाजला आणि पाठोपाठ एक आवाज आला. भेकराचं भुंकणं तोवर मला ओळखू यायला लागलं होतं. हे भुंकणं नव्हतं. बारीक, लांब, तान्ह्या मुलाने कळवळून रडावं तसं. मी गाडीतून उतरून धावले. काका कुंपणापाशी उभे होते. रायफलीतली गोळी त्यांनी काढून टाकली होती आणि ते राईकडे बघत होते.

"नेमकं बार सुटताना वळलं," ते म्हणाले. "पोटात बसली असणार."

"मग जा ना काका."

"आर्थर गेला. त्याचा होकार त्याच्याबरोबर गेला."

"काका, ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"येतंय. म्हणून तर हललो नाही. आवाज कुठून येतो ते कळायला हवं." मग हळू म्हणाले, "तू जा. तिला विचारून ये. लवकर ये गो."

माझा संताप झाला होता. दोन पावलांवर जीव तडफडतोय आणि हा माणूस दारावरची बेल वाजायची वाट बघतोय. मी टेडला फोन करून मार्गारेटच्या घरचा नंबर घेतला. तिकडे नुसती घंटी वाजत राहिली. गाडी घेऊन गेले तर दाराला कुलूप. रस्त्यावरच्या एका बाईने सांगितलं की ती चर्चच्या हॉलमध्ये फुलं लावतेय. मी हॉलच्या दारातच धापा टाकत सगळं सांगितलं. मार्गारेटने हातातली फुलं टेबलावर टाकली, माझा फोन घेतला आणि काकांना म्हणाली, "डॉक्टर, जा. देवासाठी जा."

मी परत पोचले तेव्हा राईत शांतता होती. काका पालापाचोळ्यात गुडघे टेकून बसले होते. थोडं रक्त सांडलं होतं, गवत एका जागी दबलेलं होतं, आणि पुढे काही नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही शोधलं. दुसऱ्या दिवशी टेडचा कुत्रा घेऊन शोधलं. ते मेलं की जगलं, हेही कळलं नाही.

मार्गारेट आम्हाला चहाला थांबवून घेऊन म्हणाली, "आर्थरने हो म्हटलं होतं, म्हणजे आम्ही दोघांनी म्हटलं होतं. तो गेल्यावर तुम्ही यायचेच बंद झालात. मला वाटलं, तुमची ओळख फक्त त्याच्याशी होती." काकांनी कप खाली ठेवला. सुतक, श्राद्ध, वर्ष, हे सगळं इंग्रजीत कसं सांगायचं ते त्यांना सुचेना. मलाही सुचलं नाही. ते फक्त "सॉरी" म्हणाले, आणि ते तिला नेमकं कशाबद्दल वाटलं कोण जाणे.

काकांनी रायफल पोलिसांकडे जमा केली. परवानाही. पण रविवार सुटला नाही. मी त्यांना मार्गारेटच्या दाराशी सोडायची, ते टकटक करायचे, ती हो म्हणायची, आणि हे रिकाम्या हातांनी राईत फिरायचे. फाटकापाशी टोपी काढून उभं राहणं मात्र बंद झालं. मी कारण विचारलं. "सगळ्यांना विचारलं," ते म्हणाले, "ज्याचा जीव होता तो सोडून. आता तो राखणदार माझं ऐकेल कशाला?"

मग त्यांना घरीही ऐकू यायला लागलं. टीव्ही चालू असताना हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे आणि मान तिरकी करून बसायचे. आम्ही ऐकायचो. फ्रिजची घरघर, रस्त्यावरची बस. काकूचा चेहरा उतरायचा. मी समजावलं, "काका, भेकरं हजार आहेत इथे. कुठलं तरी ओरडलं असेल." ते म्हणाले, "असेल. पण हे नेहमी पलीकडून ओरडतं." माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरी त्या हिवाळ्यात मी आमच्या मागच्या अंगणाचा दिवा रात्रभर चालू ठेवायची.

पुढे त्यांच्या पोटात गाठ निघाली, आणि तीही उशिरा. ज्या हॉस्पिटलात त्यांनी उभा जन्म काढला तिथेच ते पडले. दुखणं असं की ओठ चावून रक्त यायचं. आणि त्यांनी मॉर्फिन नाकारलं. तरुण डॉक्टर चक्रावून गेला. काकांचं डोकं शाबूत होतं, त्यांचा नकार स्वच्छ होता, आणि त्यांच्या होकाराशिवाय सुई टोचायचा कुणाला अधिकार नव्हता. मी विनवलं, भांडले. "त्या भेकराला कुणी दिलं होतं?" एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

ते कण्हत राहिले. आम्ही पलंगाभोवती, पण जणू कुंपणाच्या अलीकडे उभे. तो डॉक्टर, नर्स, मी, सगळे औषध हाताशी असून उभे होतो आणि पलीकडे कुणी जाऊ शकत नव्हतं. काकू खोलीच्या दारात पर्स छातीशी धरून उभी होती. तिला आत येववत नव्हतं आणि निघूनही जाववत नव्हतं.

शेवटी मी त्यांच्या कानाशी वाकले. "काका, त्या दिवशी तुम्ही कुंपणापाशी उभे राहून ऐकत होता. मी गाडी घेऊन निघून तरी गेले. तुम्ही सगळं ऐकलंत." त्यांनी डोळे उघडले. मी म्हटलं, "काकू सकाळपासून तशी उभी आहे."

त्यांनी कष्टाने मान वळवली. दारातल्या काकूकडे बराच वेळ बघत राहिले. त्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं ते मला माहीत आहे, कारण तोच चेहरा मी त्या दिवशी कुंपणापाशी त्यांचा पाहिला होता.

"तिला माझं कण्हणं ऐकू जाऊ नये आता," ते म्हणाले. मग डॉक्टरकडे बघून इंग्रजीत, नीट, स्पष्ट म्हणाले, "होय. द्या."

औषध हळूहळू चढलं. कण्हणं थांबलं. काकू आत आली, तिने पलंगाचा कठडा खाली केला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.