भोंग्यानंतरचा सूर्य
जुन्या रिळाचा डबा उघडला की आंबूस वास येतो आणि सोलापुरातली ती संध्याकाळ आठवते. मित्राचा सिनेमाचा कॅमेरा आणि दूरचे जवळ आणणारे लांब भिंग मी एका दिवसापुरते मागून आणले होते. शाळेच्या गच्चीवरून मला मावळता सूर्य टिपायचा होता, आणि त्याच्यासमोर आमच्या घराच्या कठड्याशी उभी असलेली पत्नी. “गिरणीचा भोंगा झाला की मी दिवा लावायला जाणार हं,” मी घरून निघतानाच तिने बजावले. “थोडं थांब की.” “अहो, देवानं थांबायचं होय?” ती हसली. भिंगातून ती हाताशी आल्यासारखी दिसत होती, पण रीळ थोडेच होते, म्हणून मी सूर्य खाली येण्याची वाट पाहिली. भोंगा झाला, ती गेली, मग सूर्य कठड्याला टेकला. त्याच हिवाळ्यात ती वारली. तिचे एकही चित्र माझ्याजवळ नाही. रिळात रिकामा कठडा आहे आणि खालच्या खिडकीत, तिने नुकत्याच लावलेल्या दिव्याचा ठिपका.